ब्लू टिक आहे, उत्तर नाही: हंगामात हरवणाऱ्या ऑर्डरींचा छडा

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ठाण्याहून एका जुन्या ग्राहकाचा मेसेज आला. ‘ताई, तीन वेळा लिहिलं. ब्लू टिक दिसतेय, म्हणजे वाचलंय. यंदा आंबा द्यायचा नसेल तर तसं सांगा, मी दुसरीकडे बघतो.’ मी चॅट वर सरकवलं. खरंच तीन मेसेज होते. पहिला पाडव्याच्या आदल्या दिवशीचा, ‘पाच डझनाची पेटी कितीला?’ दुसरा चार दिवसांनी, नुसतं एक प्रश्नचिन्ह. तिसऱ्यात दोन प्रश्नचिन्हं. आमच्याकडून एक अक्षर गेलेलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे यातला एकही मेसेज माझ्या नजरेला पडलेला नव्हता.

आमची देवगड तालुक्यात कलमं आहेत. पूर्वी सगळा माल वाशीच्या घाऊक बाजारात जायचा. आता बराचसा थेट घरोघरी जातो आणि त्याचा व्यवहार व्हॉट्सॲप बिझनेसच्या एका नंबरावर चालतो. ‘मेसेज केला होता, उत्तर नाही आलं’ ही तक्रार दर हंगामात यायची. मी माफी मागायचे, पेटीत चार फळं जास्त टाकायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. यंदा मात्र एक अख्खी रात्र बसून कारण शोधलं. तुमचा धंदा फराळाचा असो, साड्यांचा असो की क्लासचा, एका नंबरावर दोन-तीन माणसं बसत असतील तर हे दुखणं तुमच्याकडेही असणार. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी चुकीच्या ठिकाणी शोधलं

पहिला संशय रेंजवर. बागेत रेंज म्हणजे फणसाखालच्या दगडावर उभं राहिलं तर मिळते. पण रेंज नसती तर ग्राहकाला एकच टिक दिसली असती. ब्लू टिक दिसतेय म्हणजे मेसेज पोहोचला आणि कोणीतरी उघडलासुद्धा. रेंजवरचा आरोप तिथेच मिटला.

दुसरा संशय पॅकिंगला नव्याने आलेल्या मुलीवर. ती बिचारी पाडव्यानंतर कामाला लागलेली, मेसेज त्याआधीचा.

तिसरा संशय धाकट्या दिराने मांडला. ‘वहिनी, ॲपमध्येच काहीतरी घोळ आहे, काढून परत टाकूया.’ मी त्याचा हात धरला. हंगामाच्या मध्यात, बॅकअप कधी घेतलाय हे माहीत नसताना ॲप काढणं म्हणजे उंदीर झाला म्हणून घर जाळणं. असला दुरुस्तीचा मोह तुम्हालाही होईल, आवरा.

खरं कारण साधं निघालं. फोन माझ्याकडे घरात असतो. त्याच नंबराला जोडलेला एक कॉम्प्युटर पॅकिंगच्या शेडमध्ये दिराकडे आणि एक लॅपटॉप पुण्याला नणंदेकडे. एका नंबराला फोन सोडून चार उपकरणं जोडता येतात, त्यामुळे ही सोय आम्हाला फार आवडलेली. पण चॅट कोणीही कुठेही उघडलं की न वाचल्याची हिरवी खूण सगळीकडून एकदम जाते. दिराने शेडमध्ये पेट्या भरता भरता, चिकाने चिकटलेल्या बोटाने मेसेज उघडला, ‘दर काय तो वहिनी सांगेल’ म्हणून मनात म्हटलं आणि पुढच्या पेटीला लागला. माझ्या फोनवर तो मेसेज आता वाचलेला होता. नणंदेला वाटलं, वाचलाय म्हणजे वहिनीने बोलून घेतलं असेल. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, आमचा तीन घरचा होता.

म्हणजे गडबड आळशीपणाची नव्हती. ॲपला फक्त ‘वाचलं’ आणि ‘नाही वाचलं’ एवढंच कळतं. ‘उत्तर दिलं’ असं त्याच्याकडे काही नाही. आम्ही तिघं मात्र पहिल्याला तिसरं समजून चाललो होतो.

राहून गेलेले मेसेज शोधायचे कसे

हे त्या रात्री सापडलं आणि मला अजूनही याचा आनंद आहे. चॅटची यादी उघडा आणि कुठलंही चॅट न उघडता नुसती खाली सरकवत जा. प्रत्येक नावाखाली शेवटच्या मेसेजची एक ओळ दिसते. शेवटचा मेसेज आपण पाठवलेला असेल तर त्या ओळीच्या आधी टिक असते. समोरच्याने पाठवलेला असेल तर टिक नसते. ज्या ओळीला टिक नाही, तिथे शेवटचा शब्द ग्राहकाचा आहे. त्यातले ‘ठीक’, ‘धन्यवाद’, नमस्काराचे हात सोडून द्या. उरतील ते तुमचे राहून गेलेले.

मी एका महिन्याची यादी अशी चाळली. अडतीस चॅट निघाली. त्यात ‘पेटी मिळाली, छान होती’ वगैरेच बरीच, पण अकरा जणांना खरोखर आंबा हवा होता आणि दोघांची तक्रार होती. तक्रारवाल्यांना मी रात्री साडेअकराला फोन केला नाही एवढंच, सकाळी सातला केला.

या पद्धतीत दोन खाचा आहेत. पहिली, मेसेजवर दाबून अंगठा उमटवायची सवय. आमच्या दिराला ती फार. यादीत दिसतं की आपण प्रतिसाद दिलाय, पण ‘१२ तारखेपर्यंत मिळेल का?’ या प्रश्नाला अंगठा म्हणजे हो, की बघतो, की वाचलं? ग्राहकाने हो धरलं. आम्ही काहीच धरलं नव्हतं. ग्राहकाच्या प्रश्नावर अंगठा बंद, हा नियम मी त्याच दिवशी केला.

दुसरी खाच जास्त वाईट. आपोआप जाणारा मेसेज हासुद्धा ‘आपला’ मेसेज असतो. ग्राहकाने लिहिलं, आपलं स्वागताचं वाक्य गेलं, यादीत टिक दिसली, आपण समाधानी. आत मात्र प्रश्न तसाच. म्हणजे उत्तर राहून गेलंय हे लपवायचं कामच तो मेसेज करत होता. टिकेच्या पुढे तेच ते स्वागताचं वाक्य दिसलं की ते चॅट राहून गेलेल्यांत धरा.

उघडेल त्याने निस्तरायचं

उपाय म्हणून आधी मी वेळा वाटून दिल्या. सकाळी मी, दुपारी दीर, रात्री नणंद. चार दिवस टिकलं. गाडी भरायची वेळ आली की दीर कसला मेसेज बघतोय! मग वेळा सोडल्या आणि एकच गोष्ट ठरवली. चॅट जो उघडेल त्याने तीनपैकी एक काहीतरी केल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. उत्तर द्या, नाहीतर लेबल लावा, नाहीतर चॅटवर बोट दाबून ‘न वाचलेलं’ अशी खूण परत करून ठेवा. तिसरी गोष्ट दोन सेकंदांची आहे आणि आमच्या निम्म्या ऑर्डरी तिनेच वाचवल्या.

लेबलांबद्दल थोडं. लेबल म्हणजे चॅटला लावायची नावाची रंगीत खूण. ॲपमध्ये आयती लेबलं येतात, नवीन ग्राहक, नवीन ऑर्डर वगैरे. ती आम्हाला उपयोगाची पडली नाहीत, कारण ‘नवीन ऑर्डर’ म्हटल्यावर पुढे कोणी काय करायचं ते कळत नाही. आम्ही लेबलाचं नाव म्हणजे राहिलेलं काम असं ठेवलं: ‘दर सांगायचा’, ‘पत्ता बाकी’, ‘पैसे बाकी’, ‘गाडीत’, ‘तक्रार’. एवढी पाचच. काम झालं की लेबल काढायचं. ‘पूर्ण झालं’ असं लेबल आम्ही ठेवलेलंच नाही, कारण काही दिवसांत सगळी यादी त्याच रंगाची होते आणि मग कोणाचंच लक्ष जात नाही. ‘तक्रार’ हे लेबल फक्त मी काढते. बाकीच्यांनी लावायचं, काढायचं नाही.

उत्तराच्या शेवटी ज्याने लिहिलं त्याचं एक अक्षर टाकतो. ग्राहकाला त्याचं काही नाही, पण दुसऱ्या दिवशी ‘पाचशे रुपये कमी कोणी केले?’ हे घरात ओरडून विचारावं लागत नाही.

आणि दिवसातून दोनदा, दुपारी दीडला आणि रात्री नऊला, मी ती टिकेची यादी चाळते. पाच मिनिटं लागतात. रात्री ‘तक्रार’ लेबल रिकामं असल्याशिवाय फोन चार्जिंगला लावत नाही.

आपोआप जाणाऱ्या मेसेजचं काय करायचं

आमचा जुना स्वागताचा मेसेज असा होता: ‘आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद. आमच्या परिवारात आपले हार्दिक स्वागत आहे. आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील.’ कुठून उचलला होता देव जाणे. प्रतिनिधी म्हणजे मीच, चुलीवर दूध ठेवून आलेली. आणि ‘लवकरच’ म्हणजे कधी, ते मलाही माहीत नसायचं.

त्यात आणखी एक घोटाळा. हा स्वागताचा मेसेज पहिल्यांदा लिहिणाऱ्याला जातो, तसाच १४ दिवस काही बोलणं झालं नसेल तर जुन्या ग्राहकालाही जातो. आंब्याचं गिऱ्हाईक वर्षातून एकदा बोलतं. म्हणजे आमच्या प्रत्येक जुन्या माणसाला दर वर्षी ‘परिवारात स्वागत’. डोंबिवलीच्या एका काकांनी लिहिलं, ‘अहो, नऊ वर्षं परिवारातच आहे मी.’ त्यामुळे स्वागताचा मेसेज नव्या माणसालाही चालेल आणि जुन्यालाही टोचणार नाही, असाच हवा.

आता जो जातो तो असा आहे:

‘नमस्कार. सध्या काढणी चालू आहे, त्यामुळे उत्तरं दुपारी १ ते ३ आणि रात्री ८ ते १० या वेळात देतो. ऑर्डर द्यायची असेल तर चार गोष्टी लिहून ठेवा: किती डझन, पिनकोड, कोणत्या तारखेपर्यंत हवा, आणि हिरवा हवा की तयार. आलेल्या पेटीबद्दल काही सांगायचं असेल तर ‘तक्रार’ एवढा शब्द आधी लिहा, तो आम्ही पहिला बघतो.’

यात गोड काही नाही, पण काम होतं. ग्राहक चारही गोष्टी लिहून टाकतो आणि मागाहूनचे सहा प्रश्न विचारावे लागत नाहीत. ‘तक्रार’ शब्द लिहायला सांगू नका, लोकांच्या डोक्यात तक्रार घालाल, असं नणंद म्हणत होती. उलट झालं. ज्याला बोलायचं होतं तो आधीही बोलायचाच, पण फेसबुकवर. आता आमच्याकडे बोलतो.

कामाच्या वेळेबाहेर जाणारा जो दुसरा मेसेज असतो, तो फोनला इंटरनेट असेल तरच जातो. शेडमधला कॉम्प्युटर चालू आहे म्हणून तो जाईल असं समजू नका. फोन घेऊन मी बागेत गेले की तो मेसेज माझ्याबरोबर बागेत. फोन आता घरात, वायफायजवळच्या फळीवर राहतो. बागेत जाताना माझा स्वतःचा दुसरा फोन.

दर सगळ्यांना पाठवला होता की!

हाही दर वर्षीचा वाद. मी ब्रॉडकास्टने, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा जातो त्या सोयीने, दर पाठवायचे आणि निम्मी माणसं म्हणायची, आम्हाला आलाच नाही. खोटं बोलत नव्हती. एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं बसतात हे माहीत असतं, पण आपला नंबर ज्याने आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच ब्रॉडकास्ट पोहोचतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आपण त्याचा नंबर सेव्ह करून काही होत नाही, त्याने आपला करायला हवा. यंदापासून प्रत्येक पेटीत पेंढ्याच्या वर एक चिठ्ठी असते: ‘हा नंबर सेव्ह करा, पुढच्या वर्षी दर आधी कळेल.’ सोसायटीचे ग्रुप, कुठूनतरी मिळालेल्या याद्या, यांवर मारा करू नका. चार जणांनी ब्लॉक करून तक्रारीचं बटण दाबलं आणि ऐन हंगामात नंबर अडकला, तर रडायला जागा नाही.

दर कधीही तारखेशिवाय लिहायचा नाही. ‘आजचा, १४ एप्रिलचा दर’ असं. मार्चच्या शेवटी सांगितलेला दर मेमध्ये स्क्रीनशॉटसकट समोर येतो तेव्हा या चार शब्दांची किंमत कळते. चुकून भलता आकडा गेला तर १५ मिनिटांच्या आत मेसेज दुरुस्त करता येतो. त्यानंतर मेसेज पुसून टाकायच्या भानगडीत पडू नये. ‘हा मेसेज डिलीट केला’ असं दिसलं की ग्राहक त्यात काय होतं याचे तर्क लढवत बसतो. ‘चुकून आकडा वेगळा लिहिला गेला, बरोबर दर हा’ असं सरळ लिहिलेलं बरं.

‘परत पाठवा’

मराठीत धंदा करताना हा शब्द जपून वापरा. परत म्हणजे पुन्हा, आणि परत म्हणजे माघारी. कोथरूडच्या एका बाईंनी लिहिलं, ‘सहा फळं डागाळलेली निघाली. परत पाठवा.’ दिराने माघारी धरलं आणि सहा फळांचे पैसे त्यांच्या नंबरावर पाठवून दिले, वर स्वतःच खूश, की बघा किती लगेच दिले. बाईंना अक्षय्य तृतीयेला देवापुढे ठेवायला आंबे हवे होते. पैसे बघून त्या जास्तच चिडल्या. ‘मी भीक मागितली नव्हती,’ असं त्यांचं उत्तर मी अजून विसरलेले नाही.

पैशांच्या बाबतीत तर हे आणखी महागात पडतं. ‘पेमेंट दिसत नाही, परत पाठवा’ असं आपण लिहायचं आणि माणसाने दुसऱ्यांदा पाठवायचे. मग पहिलेही येऊन पोहोचायचे. आता आमच्याकडे ‘परत’ हा शब्द उत्तरात येत नाही. ‘नवीन सहा फळं पाठवतो’ किंवा ‘सहा फळांचे पैसे तुमच्या खात्यावर देतो’. लांबडं वाटलं तरी असंच.

ग्राहक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात तेव्हा तर पंचाईतच. दर की दार, बारा की बरा, ते संदर्भाने लावायचं. मी उत्तर देवनागरीतच देते, पण आकडे आणि तारीख वेगळ्या ओळीवर टाकते, म्हणजे ज्याला देवनागरी भराभर वाचता येत नाही त्यालाही कामाचं तेवढं सापडतं. अमेरिकेत असलेली मुलं इथल्या आईवडिलांसाठी पेटी मागवतात, त्यांना याचा फार उपयोग होतो. त्यांच्याकडे रात्र असताना आपला दिवस असतो, म्हणून त्यांच्याशी एकेक प्रश्न खेळत बसू नये. सगळं एका मेसेजमध्ये विचारावं.

व्हॉइस मेसेजबद्दल एकच सांगते. ऐकलं की त्यातली ऑर्डर लिहून त्याच चॅटमध्ये टाका आणि ‘बरोबर ना?’ विचारा. नाहीतर पंधरा दिवसांनी ‘मी चार डझन म्हटलं होतं’ यावर तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग परत परत ऐकावं लागतं.

ऑर्डर पक्की झाली की जो मेसेज जातो तो ॲपमधल्या झटपट उत्तरांमध्ये (क्विक रिप्लाय) भरून ठेवलाय. तिरकी रेघ आणि ‘पक्की’ एवढं टाइप केलं की येतो:

‘ऑर्डर पक्की. ५ डझन, हिरवा माल. पत्ता वर लिहिल्याप्रमाणे. गुरुवारी रात्रीच्या गाडीत चढेल, शुक्रवारी दुपारपर्यंत मिळेल. पेटी आल्यावर लगेच उघडून वारा लागू द्या. तयार व्हायला चार-पाच दिवस लागतील, फ्रिजमध्ये ठेवू नका.’

आकडे आणि वार बदलायचे, बाकी तसंच. शेवटची दोन वाक्यं घातल्यापासून ‘आंबा कच्चाच आहे’ ही तक्रार जवळजवळ बंद झाली. ती मुळात तक्रार नव्हतीच, आम्ही सांगितलं नव्हतं एवढंच.

साका निघाला तर काय लिहायचं

हापूसवाल्यांना माहीत आहे, बाहेरून सोन्यासारखं फळ आणि कापल्यावर आत पांढुरका, स्पंजासारखा गर. त्याला आपण साका म्हणतो. फळ न कापता तो डोळ्याने दिसत नाही. बागायतदारालाही नाही, ग्राहकालाही नाही. म्हणून या तक्रारीला दिलेलं उत्तर फार जपून लिहावं लागतं. इथे दोघंही खरे असतात.

आधी आम्ही काय लिहायचो? ‘आम्ही प्रत्येक फळ चेक करूनच पाठवतो.’ मनापासून लिहायचो. पण ग्राहकाच्या हातात कापलेलं फळ आहे, आणि आपलं वाक्य त्याला सांगतंय की तू खोटं बोलतोयस. त्याच्याही आधी आमचं पहिलं वाक्य असायचं, ‘फोटो पाठवा’. म्हणजे पुरावा आणा. आता क्रम उलटा केलाय. पहिलं वाक्य भरपाईचं, दुसरं माहितीचं, फोटो शेवटी:

‘अरेरे, हा साका आहे. जेवढी फळं अशी निघतील तेवढी पुढच्या गाडीने नवी पाठवतो किंवा पैसे देतो, तुम्ही सांगाल तसं. हा दोष बाहेरून कळत नाही, त्यामुळे उरलेलीही कापून बघा. फोटो टाकलात तर कुठल्या कलमांचा माल होता ते आम्हाला शोधता येईल.’

फोटो मागण्याचं कारण खरं सांगितलं की लोक आनंदाने पाठवतात. न पाठवणाऱ्यालाही आम्ही फळं देतो. यात कोणी फसवत असेल का? असेल एखादा. सहा फळांसाठी दर वर्षी येणारं गिऱ्हाईक घालवण्यापेक्षा तो एखादा परवडतो. हे माझं मत, दिराचं नाही.

ई-कॉमर्स धंद्यांसाठी २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत. त्यात तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, अशी मुदत दिली आहे. आंब्याला ४८ तास म्हणजे आंबा जाऊन आमरस, आणि आमरस जाऊन भांडण. आमचा स्वतःचा नियम जागेपणीच्या दोन तासांचा आहे. उत्तर नसलं तरी ‘बघितलं, गाडीवाल्याशी बोलून पाचपर्यंत सांगते’ एवढं जातं. आणि पाचला गाडीवाल्याने फोन उचलला नसला तरी पाचला तेच लिहायचं, ‘अजून लागला नाही, सातला सांगते’. लोक थांबायला तयार असतात. कुठवर थांबायचं ते माहीत नसलं की पेटतात.

‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ हे लिहू नका. ते बंद पडलेल्या लिफ्टवरच्या पाटीचं वाक्य आहे. काय चुकलं ते नाव घेऊन लिहा: ‘पेटी शुक्रवारऐवजी शनिवारी पोहोचली, चूक आमची.’ अनोळखी बाईला काकू म्हणायचंही सोडा. माझ्या नणंदेच्या वयाच्या एका ग्राहकबाईंना दिराने काकू लिहिलं होतं, आणि त्या दिवसापासून आमच्याकडे सगळ्यांना नावापुढे ‘ताई’, ‘दादा’ नाहीतर नुसतं ‘नमस्कार, तुम्ही…’. ‘आपण’ सुद्धा जपून. तक्रारीत ‘आपण’ आलं की माणसाला नोटीस आल्यासारखं वाटतं.

पैसे गेले, आले नाहीत

थोडक्यात सांगते. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्याशिवाय ‘मिळाले’ लिहायचं नाही. ग्राहकाकडून कापले गेले आणि आपल्याकडे दिसत नसतील तर त्याच्याकडून १२ अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक मागा, तो स्क्रीनशॉटपेक्षा खात्रीचा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे माणसाच्या खात्यातून माणसाच्या खात्यात पाठवलेले पैसे असे अडकले तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत माघारी जायला हवेत, दुकानाच्या पेमेंटला ही मुदत पाच दिवसांची आहे, आणि त्यापुढे बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची आहे. हे शांतपणे लिहिलं की ग्राहकाचा अर्धा राग आपल्यावरून उतरतो. ‘पैसे बाकी’ लेबल तोवर तसंच ठेवा.

बॉट घ्या म्हणणारे

हंगामात रोज एकतरी फोन येतो, बॉट, म्हणजे मेसेजला आपोआप उत्तरं देणारा प्रोग्राम, लावून देतो म्हणून. चार-सहा माणसं दिवसभर फक्त मेसेज बघत असतील, तर व्हॉट्सॲपची मोठ्या धंद्यांसाठी असलेली वेगळी व्यवस्था (बिझनेस एपीआय) घ्यावी. तिथे हे चॅट अमक्याचं, ते तमक्याचं, असं नाव लावून वाटता येतं. आमचा मूळ आजार तिथे खरोखर बरा होतो. पण तिचे नियम निराळे. ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तासच मोकळेपणी लिहिता येतं, त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेला ठरावीक मेसेजच जातो. आमच्या अडीच महिन्यांच्या धंद्याला ते झेपणारं नाही. आणि ‘साका निघाला’ या वाक्याला बॉट काय उत्तर देईल, याची मला कल्पनाही करवत नाही.

हे नियम केल्यापासून १० मेपर्यंत टिकेच्या यादीत राहून गेलेली तीन चॅट सापडली. तिन्ही त्याच दिवशीची होती. ठाण्याच्या त्या ग्राहकाने दोन पेट्या घेतल्या, एक स्वतःला आणि एक बहिणीला.

एक भोक मात्र अजून बुजलेलं नाही. सासरे. त्यांचा नंबर वाशीच्या काळापासून लोकांकडे आहे, ते फोनवर ऑर्डर घेतात आणि कॅलेंडरवर लिहितात. व्हॉट्सॲपवर टाका म्हटलं तर ‘मी काय कारकून आहे?’ शेवटी तडजोड झाली. रोज रात्री नऊला कॅलेंडरच्या पानाचा फोटो काढून ते घरच्या ग्रुपवर टाकणार. काल पहिला फोटो आला. सोमवारच्या चौकोनात तिथीच्या वर पेन्सिलीने लिहिलंय, ‘कुलकर्णी ५’. पाच डझन की पाच पेट्या, आणि आमच्या यादीतल्या नऊ कुलकर्ण्यांपैकी कोणते, ते विचारायला आता शेडवर चाललेय.